तहज्जुदची नमाज कधी आणि कशी पढतात?

रात्री झोपेतून उठून जी ऐच्छिक नमाज पढली जाते, तिला तहज्जुद म्हणतात. फजर, जोहर, असर, मगरिब आणि इशा या दिवसभरातल्या पाच नमाजा सज्ञान मुस्लिमावर फर्ज, म्हणजे बंधनकारक आहेत. तहज्जुद त्यांत मोडत नाही. ती नफल आहे. पढली तर सवाब, राहिली तर गुन्हा नाही.

हे आधीच सांगण्याचं कारण म्हणजे सोशल मीडियावर फिरणारे दावे. ४० रात्री सलग पढा, एक रात्र चुकली की पुन्हा पहिल्यापासून. अमुक सूरा इतक्या वेळा म्हणा, मग हमखास नोकरी किंवा लग्न. तहज्जुदसाठी अशी अट कुराणात नाही आणि बुखारी, मुस्लिमसारख्या प्रमाण मानल्या जाणाऱ्या हदीससंग्रहांतही नाही. या नमाजेची खरी पद्धत त्यापेक्षा बरीच सोपी आहे.

ऐच्छिक कशी झाली?

कुराणातल्या ७३व्या सूरेच्या, म्हणजे सूरा मुज्जम्मिलच्या सुरुवातीला प्रेषित मुहम्मद यांना रात्रीचा मोठा भाग, साधारण अर्धी रात्र, उभं राहून इबादत करण्याचा आदेश आहे. प्रेषित आणि त्यांचे सोबती तसं करू लागले. प्रेषितांच्या पत्नी आयशा यांच्या कथनानुसार सुमारे वर्षभराने याच सूरेची शेवटची, २०वी आयत आली आणि भार हलका झाला. कुणी आजारी असेल, कुणी रोजीरोटीसाठी प्रवासात असेल, म्हणून जेवढं सहज जमेल तेवढंच पठण करावं, असा तिचा आशय आहे. तेव्हापासून रात्रीची नमाज उम्मतीसाठी ऐच्छिक ठरली. तहज्जुद हा शब्द १७व्या सूरेच्या ७९व्या आयतीवरून आला आहे.

वेळ कोणती?

इशाची नमाज झाल्यापासून फजरची वेळ सुरू होईपर्यंत. त्याआधी थोडी झोप घेणं उत्तम, कारण झोप मोडून उठणं हाच तहज्जुदचा मूळ अर्थ मानला जातो. न झोपता पढलेली नफलही रात्रीची नमाज म्हणूनच गणली जाते, पण बरेच आलिम तिला तहज्जुद न म्हणता कियामुल्लैल म्हणतात.

सर्वांत श्रेष्ठ वेळ रात्रीचा शेवटचा तिसरा हिस्सा. तो काढायचा हिशोब असा: सूर्यास्त ६ वाजता आणि फजर ५.३० वाजता सुरू होत असेल, तर रात्र साडेअकरा तासांची. तिचा तिसरा हिस्सा ३ तास ५० मिनिटं. तो ५.३० मधून वजा केला की १.४० उरतात. म्हणजे त्या दिवशी १.४० ते ५.३० ही उत्तम वेळ. इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो. मोजणी मध्यरात्रीपासून नाही, सूर्यास्तापासून करायची. आणि शेवट सूर्योदयाला नाही, फजरची वेळ लागते तेव्हा होतो. रमजानमध्ये जी सेहरीची अखेरची वेळ, तीच तहज्जुदची. म्हणूनच रमजानमध्ये ही नमाज सर्वांत सोपी जाते: सेहरीला उठायचंच असतं, वीस मिनिटं आधीचा गजर लावला की झालं.

पद्धत

नेहमीच्या दोन रकात नफलसारखीच. वजू करून किबल्याकडे, महाराष्ट्रातून पश्चिमेला किंचित उत्तरेकडे, तोंड करून उभं राहायचं. नियत मनातली पुरते. ठराविक वाक्य तोंडाने म्हणणं आवश्यक नाही. तकबीर म्हणून हात बांधायचे, सना, मग सूरा फातिहा आणि त्यानंतर कुराणातला पाठ असलेला कोणताही भाग. रुकू, पुन्हा सरळ उभं राहणं, मग दोन सजदे. दुसरी रकातही तशीच. तिच्या शेवटी बसून अत्तहियात, दुरूद, दुआ आणि उजवीकडे व डावीकडे सलाम.

अशा दोन-दोन रकाती हव्या तितक्या पढता येतात. दोनच पढल्या तरी तहज्जुद होते. आयशा यांनी प्रेषितांचा रात्रीचा नेहमीचा परिपाठ वित्रसह ११ रकातींचा सांगितला आहे, पण त्या फार दीर्घ असत. कोणती सूरा पढावी याचं बंधन नाही. लहान सूराच पाठ असतील तर त्याही चालतात. मोबाइलमध्ये किंवा हातातल्या कुराणात पाहून पढण्याबाबत मात्र मतभेद आहेत: शाफई आणि हंबली मतानुसार चालतं, इमाम अबू हनीफा यांच्या मतानुसार त्याने नमाज मोडते.

आवाज किती असावा? एका हदीसनुसार रात्री अबू बकर अगदी हळू पढत, तर उमर मोठ्याने. प्रेषितांनी पहिल्यांना थोडा चढवायला आणि दुसऱ्यांना थोडा उतरवायला सांगितलं. दोन खोल्यांच्या घरात कुणी झोपलेलं असेल, तर हळू पढणंच योग्य.

सजद्यात आणि सलामनंतर दुआ मागतात. सलामनंतरची दुआ मराठीत, उर्दूत, कोणत्याही भाषेत मागता येते. रडू यायलाच हवं असं काही नाही.

वित्र आधी की नंतर?

रात्रीची शेवटची नमाज वित्र असावी, असा संकेत आहे. उठण्याची खात्री असेल तर वित्र तहज्जुदनंतर पढावी. नसेल तर इशानंतरच पढून झोपावं. वित्र पढून झोपलेला माणूस पुढे जागा झाला, तरी तहज्जुद पढू शकतो, फक्त वित्र पुन्हा पढायची नाही. हनफी मतात वित्र वाजिब आहे आणि तीन रकाती एकाच सलामने पढतात. कोकणातले बहुतेक मुस्लिम शाफई आहेत. त्यांच्याकडे वित्र सुन्नत मानली जाते आणि सहसा दोन रकातींनंतर सलाम फेरून एक रकात वेगळी पढतात. एकाच गावात दोन्ही रीती दिसल्या, तर कुणाचं चुकतंय असं समजू नये.

जाग आली नाही तर?

उठण्याची नियत करून झोपलेल्याला गाढ झोप लागली, तरी नियतीचा सवाब मिळतो, असं हदीसमध्ये आहे. आजारपण किंवा झोपेमुळे रात्रीची नमाज राहिली, तर प्रेषित दिवसा १२ रकाती पढत. मासिक पाळीत स्त्रिया नमाज पढत नाहीत. त्या वेळी दुआ आणि जिक्र करता येतो.

डोळ्यांवर झापड असताना ओढूनताणून पढणं मात्र प्रेषितांना मान्य नव्हतं. एकदा मशिदीत दोन खांबांना बांधलेली दोरी त्यांना दिसली. त्यांच्या पत्नी जैनब नमाजेत थकल्या की तिला धरून उभ्या राहत. प्रेषितांनी दोरी सोडायला लावली आणि उत्साह असेपर्यंतच पढावं, थकल्यावर बसावं, असं सांगितलं. प्रेषित दाऊद यांची जी रीत त्यांनी सर्वांत प्रिय म्हणून सांगितली, तिच्यातही झोप आहेच: अर्धी रात्र झोप, तिसरा हिस्सा नमाज, उरलेला सहावा हिस्सा पुन्हा झोप.

सकाळी लवकर कामावर जाणाऱ्यांनी तर हिशोब आधी फजरचा करावा. तहज्जुदसाठी तीन वाजता उठून नंतर फजरलाच डोळा लागत असेल, तर ऐच्छिक नमाजेसाठी फर्ज नमाज हातची जाते. अशा वेळी फजरच्या अर्धा तास आधी उठून दोन रकाती पढल्या, तर दोन्ही साधतात.