मोठ्या वाऱ्याची साक्ष

‘तुझें वय भरत नाहीं’ असें सरकारनें एखाद्या जख्ख म्हाताऱ्यास सांगितलें, तर त्यानें दाद कोणाकडे मागावी? श्रोतेहो, १९०९ सालीं आयर्लंडांतील हजारों खेडुतांपुढें हा प्रश्न उभा राहिला होता.

१ ऑगस्ट १९०८ रोजीं ब्रिटिश पार्लमेंटचा वृद्ध-वेतनाचा कायदा मंजूर झाला. वय सत्तर, देशांत वीस वर्षें वास्तव्य आणि वार्षिक प्राप्ति साडेएकतीस पौंडांच्या आंत, अशा माणसास आठवड्यास जास्तींत जास्त पांच शिलिंग पोस्टांतून मिळावयाचे होते. १ जानेवारी १९०९ पासून वांटप सुरू झालें. पांच शिलिंग म्हणजे कांहीं घबाड नव्हे. परंतु लेकसुनांच्या तोंडाकडे पाहून घास गिळणाऱ्यास ते स्वतःचे पैसे होते.

अर्ज आला कीं वेतन-अधिकारी चौकशी करी. हे अधिकारी अबकारी खात्यांतले. कालपर्यंत दारूचीं पिंपें मोजणारा गृहस्थ आज म्हातारीचें वय मोजूं लागला! त्याचा अहवाल स्थानिक समितीपुढें जाई. समिति आसपासच्याच माणसांची, म्हणून तिचा हात सढळ. तिच्या निर्णयावर अर्जदारास डब्लिनच्या लोकल गव्हर्नमेंट बोर्डाकडे अपील करतां येई, तसेंच तें त्या अधिकाऱ्यासही करतां येई. बोर्डाचा शब्द अखेरचा. म्हणजे समितीनें पदरांत टाकलेलें वेतन वरून काढून घेतलें जाण्याची भीति होतीच. दुबळ्यास दिलेलें शस्त्र बलवानाच्याही हातीं देणारी ही समानता मला तरी कधीं पटली नाहीं.

खरी अडचण पुराव्याची. आयर्लंडांत सर्वांच्या जन्माची सरकारी नोंद १८६४ पासून सुरू झाली, आणि सत्तरीचा अर्जदार जन्मलेला १८३९ च्या सुमारास. चर्चच्या वह्या कोठें होत्या, कोठें नव्हत्या. तेव्हां लोकांनीं एक निराळाच साक्षीदार उभा केला. ६ जानेवारी १८३९ च्या रात्रीं त्या बेटावर भयंकर वादळ झालें होतें. ‘मोठ्या वाऱ्याची रात्र’ म्हणून तें घरोघर स्मरणांत राहिलें. ती रात्र ज्यास आठवते, त्याची सत्तरी उलटली असलीच पाहिजे, हा हिशेब बिनतोड होता. मात्र पाहतां पाहतां ती रात्र आठवणारांची संख्या फार वाढली! आपल्याकडेही शाळेंत नांव घालावयास आलेले पालक मुलाचा जन्म ‘भूकंपाच्या आदल्या पावसाळ्यांतला’ असा सांगत आणि रजिस्टरांत १ जून ही तारीख पडे. तेव्हां त्या खेडुतांस हंसण्याचा अधिकार आपणांस नाहीं.

वाऱ्यावर विश्वास न बसे, तेव्हां डब्लिनच्या रेकॉर्ड ऑफिसांत १८४१ व १८५१ च्या खानेसुमारीचे कागद धुंडाळीत. आईबापांचें नांव आणि वाडी सांगावी, म्हणजे कारकून घराचा कागद काढून मुलाचें तेव्हांचें वय पाही. पण १८४५ पासून बटाट्याचें पीक बुडालें, लाखों माणसें मेलीं, लाखों परागंदा झालीं. ज्या कुटुंबाची अशी दाणादाण झाली, त्याचा कागद त्या वाडीच्या बस्त्यांत मिळावा कसा? दुष्काळानें ज्याचें घर नेलें, त्याचा पुरावाही त्याच दुष्काळानें नेला. उलट आईनें १८५१ सालीं सहज दोन वर्षें कमी सांगितलीं असतील, तर तिचें तें बोलणें म्हातारपणीं मुलाच्या आड येई.

इंग्लंडांत १९११ च्या विमा कायद्यानें बेकारांच्या तक्रारींसाठीं अध्यक्ष, मालकांचा एक व कामगारांचा एक अशा तिघांचें मंडळ नेमलें, आणि त्यावर अंपायर. ही वाट अधिक मोकळी होती. लंडनच्या लोकल गव्हर्नमेंट बोर्डाविषयीं मात्र, घर बंद करण्याच्या एका हुकुमावरील अपिलांत, हाउस ऑफ लॉर्ड्‌सनें ठरविलें कीं, अपील करणारास समक्ष ऐकून घेण्यास किंवा निरीक्षकाचा अहवाल दाखविण्यास बोर्ड बांधलेलें नाहीं.

३० जून १९२२ रोजीं आयर्लंडच्या यादवी युद्धांत फोर कोर्ट्‌सच्या आवारांतील तें रेकॉर्ड ऑफिस स्फोटानें व आगीनें उद्ध्वस्त झालें, आणि खानेसुमारीचे बहुतेक जुने कागद जळाले. वेतनाच्या दाव्यांसाठीं काढलेले उतारे व शोधाचे अर्ज तेवढे उरले. ते आज डब्लिनच्या राष्ट्रीय अभिलेखागारांत आहेत; पणजोबांचें गांव शोधणारे लोक ते चाळतात. त्यांतील कित्येकांवर, कुटुंबाचा पत्ता लागला नाहीं, एवढाच शेरा आहे.