शिंगांचे गणित : अमेरिकेतील व्हाइटटेल हरणांची शिकार

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील डॅनबरी या गावाजवळ १९१४ साली जेम्स जॉर्डन नावाच्या तरुणाने एक हरीण मारले. शिंगे भरघोस होती, म्हणून त्याने ते मुंडके पेंढा भरून घेण्यासाठी एका कारागिराकडे सोपविले. कारागीर गाव सोडून गेला आणि मुंडकेही त्याच्याबरोबर गेले. पन्नास वर्षांनी, १९६४ मध्ये, शेजारच्या मिनेसोटा राज्यात जुन्यापान्या वस्तूंच्या विक्रीत ते तीन डॉलरला विकले गेले. पुढे शिंगांची रीतसर मोजणी झाली, तेव्हा तो जागतिक विक्रम असल्याचे निष्पन्न झाले. शिकारी कोण, हे मात्र अज्ञातच राहिले. हे हरीण आपणच मारले, हे पटवून देण्यात जॉर्डनची अखेरची वर्षे गेली. १९७८ मध्ये 'बून अँड क्रॉकेट क्लब'ने त्याचा दावा मान्य केला. पण निर्णय येण्यापूर्वीच, त्याच वर्षी, तो निवर्तला होता. त्या शिंगांचे गुण होते २०६ पूर्णांक एक अष्टमांश.

शिंगांना गुण देण्याची आणि त्यातही एक अष्टमांशाचा हिशेब ठेवण्याची ही कल्पना आपल्याकडील वाचकाला काहीशी विचित्र वाटेल. उत्तर अमेरिकेत मात्र तिच्याभोवती एक मोठा व्यवसाय उभा आहे.

आधी शब्दांचा घोळ दूर केलेला बरा. मराठीत गायीचेही शिंग आणि सांबराचेही शिंगच; पण दोन्हींची जात वेगळी. गाय, म्हैस, काळवीट यांची शिंगे आतून हाडाची व बाहेरून नखासारख्या पदार्थाच्या कवचाची असतात आणि ती जन्मभर टिकतात. सांबर, चितळ, बारशिंगा यांची फांद्या फुटलेली शिंगे भरीव हाडाची असून ती गळून पडतात व पुन्हा उगवतात. आपल्या आजीच्या बटव्यात उगाळण्यासाठी असे ते सांबरशिंग या दुसऱ्या प्रकारचे. व्हाइटटेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीचे हरीण, हे याच कुळातले. धोक्याची चाहूल लागताच ते शेपटी उभारते आणि तिची पांढरीशुभ्र खालची बाजू निशाणासारखी झळकते. त्यावरून हे नाव पडले. कॅनडाच्या दक्षिण भागापासून थेट दक्षिण अमेरिकेपर्यंत त्याचा वावर आहे. न्यू जर्सीसारख्या राज्यांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तर परसातील फुलझाडे फस्त करणारा पाहुणा म्हणून तो चांगलाच परिचित आहे.

नराची शिंगे वसंत ऋतूत फुटतात. उन्हाळाभर त्यांच्यावर मखमलीसारखी मऊ त्वचा असते व तिच्यातील रक्तवाहिन्या हाडाला पोसतात. दिवस लहान होऊ लागले की संप्रेरकांची पातळी बदलते, ती त्वचा वाळते आणि नर झाडांच्या बुंध्यांवर शिंगे घासून ती उतरवितो. नोव्हेंबरच्या सुमारास मीलनकाळ येतो आणि हिवाळ्यात शिंगे गळतात. शिंगांचा आकार तीन गोष्टींवर अवलंबून असतो : वंश, आहार आणि वय. पहिल्या दोन गोष्टी कितीही उत्तम असल्या तरी साधारण पाच ते सात वर्षांचा झाल्याखेरीज नराची शिंगे पूर्ण वैभवाला पोहोचत नाहीत. ही वयाची अट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

बून अँड क्रॉकेट क्लबची स्थापना थिओडोर रूझवेल्ट आणि जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी १८८७ मध्ये केली. त्या काळी बाजारासाठी चाललेल्या बेसुमार शिकारीने अमेरिकेतील वन्यप्राणी झपाट्याने संपत होते. विसाव्या शतकाच्या आरंभी व्हाइटटेलची संख्या जेमतेम काही लाखांवर आली होती, असे मानले जाते. नोंदी ठेवण्यामागचा मूळ हेतू म्हणूनच फुशारकीचा नव्हता. नामशेष होऊ घातलेल्या प्राण्यांची मोजमापे तरी मागे राहावीत, हा होता. क्लबचे पहिले नोंदपुस्तक १९३२ मध्ये निघाले आणि आजची गुणपद्धती १९५० मध्ये ठरली. धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्यांसाठी १९६१ मध्ये स्थापन झालेला 'पोप अँड यंग क्लब'ही हीच पद्धत वापरतो.

मोजणी कशी होते ते पाहू. शिंगे किमान साठ दिवस सामान्य हवेत वाळू द्यावी लागतात, कारण वाळताना ती किंचित आक्रसतात. त्यानंतर अधिकृत मोजणीदार पाव इंच रुंदीच्या पोलादी टेपने मापे घेतो. प्रत्येक माप इंचाच्या अष्टमांशापर्यंत लिहायचे. अर्धा इंच असला तरी 'चार अष्टमांश' असेच लिहायचे. प्रत्येक बाजूच्या मुख्य दांडीची लांबी, तिच्यावर उभ्या असलेल्या प्रत्येक टोकाची लांबी आणि दांडीचा चार ठिकाणचा घेर यांची बेरीज केली जाते. तिच्यात दोन दांड्यांमधील आतले अंतर मिळवतात. मात्र ते लांब दांडीच्या लांबीपेक्षा जास्त असले, तर जास्तीचे गुण मिळत नाहीत. किमान एक इंच लांब आणि रुंदीपेक्षा लांबी अधिक असेल, तरच त्याला टोक म्हणायचे. कवटी मधोमध फुटलेली किंवा कापलेली असेल, तर ती शिंगे सरळ बाद होतात. दोन तुकडे हवे तितके फाकवून अंतर वाढविता येते, हे यामागील उघड कारण.

यानंतर वजाबाकी सुरू होते. समजा, उजव्या बाजूची बेरीज ७१ पूर्णांक सहा अष्टमांश, डावीची ६९ आणि आतले अंतर १८ पूर्णांक चार अष्टमांश आहे. ढोबळ गुण झाले १५९ पूर्णांक दोन अष्टमांश. आता उजव्या-डाव्या बाजूंच्या प्रत्येक जोडीतील फरक काढायचा. तो एकूण सव्वाचार इंच भरला, तर उरले १५५. भलत्याच जागी फुटलेले दोन इंचांचे एखादे वेडेवाकडे टोक असेल, तर तेही वजा. निव्वळ गुण १५३. पोप अँड यंगच्या यादीसाठी १२५ पुरतात, तेव्हा बाणाने मारलेले असल्यास हे हरीण तेथे सहज बसेल. बून अँड क्रॉकेटच्या तात्पुरत्या यादीसाठी १६० आणि कायम यादीसाठी १७० लागतात, म्हणजे तेथे दार बंद. अनियमित शिंगांचा गट स्वतंत्र आहे. तेथे ती वेडीवाकडी टोके वजा न करता मिळवतात आणि कायम यादीसाठी १९५ गुण लागतात.

समतोल शिंगे म्हणजे निकोप प्राणी, हे या वजाबाकीमागचे तत्त्व. ते सर्वांना मान्य नाही. हरणाने जे हाड उगवले त्याचे गुण कापणारे आपण कोण, असा अनेक शिकाऱ्यांचा सवाल असतो. इंग्रजीत 'नेट' म्हणजे निव्वळ आणि जाळेही. तेव्हा 'नेट हे माशांसाठी असते' अशी कोटी ते हमखास करतात.

नियमित गटातील विक्रम कॅनडातील सस्कॅचवान प्रांतात बिगर गावाजवळ नोव्हेंबर १९९३ मध्ये मायलो हॅन्सन या शेतकऱ्याने नोंदविला : २१३ पूर्णांक पाच अष्टमांश. त्यानेच जॉर्डनचे हरीण दुसऱ्या क्रमांकावर ढकलले. अनियमित गटातील ३३३ पूर्णांक सात अष्टमांशांचे अव्वल हरीण तर कोणी मारलेलेच नाही. ते १९८१ मध्ये मिसुरी राज्यात सेंट लुईस परिसरात मृतावस्थेत सापडले. गुण हरणाला असतात, शिकाऱ्याला नव्हे, हे क्लबचे म्हणणे निदान येथे तरी खरे ठरते.

आता गाइडसह चालणारी शिकार. वन्यप्राणी ही जनतेची मालमत्ता आणि राज्य सरकार तिचे विश्वस्त, हे तेथील कायद्याचे सूत्र आहे. रानातील हरणाचे मांस बाजारात विकता येत नाही. शिकारीचा परवाना सरकारकडून घ्यावा लागतो. आयोवासारख्या राज्यात बाहेरच्यांना तो सोडतीनेच मिळतो. 'आउटफिटर' म्हणविणारा व्यावसायिक हरीण विकत नसतो. तो विकतो जमिनीवर जाण्याची मुभा, मुक्काम, जेवण, मचाण आणि माहिती. चार-सहा दिवसांसाठी हजारो डॉलर मोजले जातात आणि हरीण दिसेलच याची हमी नसते. सस्कॅचवानमध्ये व्हाइटटेलच्या शिकारीसाठी येणाऱ्या परदेशी शिकाऱ्याला आउटफिटरशिवाय परवानगीच मिळत नाही. आपल्याकडेही स्वातंत्र्यानंतर परदेशी पाहुण्यांना रानात नेणाऱ्या शिकार कंपन्या होत्या, अगदी नागपूरहूनही त्यांचा कारभार चाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो अध्याय संपला. आज आपल्या रानात गळून पडलेले सांबराचे शिंग घरी आणणेही कायद्यात बसत नाही.

गाइडचे खरे कसब नजरेत असते. अनेक तळांवर ठराविक गुणांहून लहान नर मारल्यास दंड आकारतात, त्यामुळे गोळी सुटण्यापूर्वी काही सेकंदांत गुणांचा अंदाज बांधावा लागतो. यासाठी हरणाच्या चेहऱ्याचीच फूटपट्टी करतात. सावध नराच्या कानांच्या टोकांमधील अंतर सुमारे सोळा इंच धरतात. दांड्या कानांच्या बाहेर गेल्या, की गाइड सावरून बसतो. इतके करूनही जवळ जाऊन पाहावे तो शिंगे लहान निघतात, हा नित्याचा अनुभव. रक्ताचा थेंब दिसला, की हरीण सापडो वा न सापडो, शिकार संपली, असाही बहुतेक तळांचा नियम आहे. जखमी जनावर सोडून दुसऱ्याच्या मागे लागणाऱ्यांना तो आळा घालतो. धोका म्हणाल तर बंदुकीइतकाच मचाणाचा आहे. पट्टा न बांधता चढलेले शिकारी पडून जायबंदी होण्याचे प्रकार दर हंगामात घडतात.

या व्यवसायाचे दुसरे टोक उंच कुंपणाआड आहे. टेक्सास आणि इतर काही राज्यांत निवडक पैदास आणि खुराक यांच्या जोरावर रानात कधी न दिसणारी शिंगे उगवली जातात आणि दर इंचांवर ठरतो. अशी शिंगे बून अँड क्रॉकेट स्वीकारत नाही. पळून जाण्याची संधी नसलेल्या प्राण्याला मारणे ही शिकार नव्हे, ही त्याची भूमिका आहे आणि ती योग्यच म्हणावी लागेल.

शिकारीचे समर्थक नेहमी पैशाचा मुद्दा मांडतात. त्यात तथ्य आहे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार बंदुका व दारूगोळ्यावरील कर राज्यांच्या वन्यजीव विभागांना मिळतो. शिकारीवरील कडक निर्बंधांच्या जोडीने या पैशातूनच व्हाइटटेल सावरले. आज अमेरिकेत त्यांची संख्या तीन कोटींच्या आसपास असल्याचा अंदाज आहे. ती आता इतकी झाली आहे, की अनेक ठिकाणी रोपे वाढू शकत नाहीत आणि मोटारींच्या धडका ही नित्याची बाब झाली आहे. पण संख्या आटोक्यात आणायची तर माद्या माराव्या लागतात आणि भिंतीवर लावण्यासाठी मादी कोणाला नको असते. विस्कॉन्सिनने आधी मादी मारा, मगच नर, असा नियम काही भागांत केला होता. शिकारी त्यावर इतके चिडले, की २०११ मध्ये विधिमंडळाने तो रद्द केला.

सर्वांत अवघड प्रश्न रोगाचा आहे. 'क्रॉनिक वेस्टिंग डिसीज' हा मेंदूचा विकार १९६७ मध्ये कोलोरॅडोतील बंदिस्त हरणांत प्रथम आढळला. विकृत प्रथिनांमुळे होणाऱ्या या रोगात जनावर झिजत जाऊन हमखास मरते. त्यावर ना लस, ना औषध. आता तो अमेरिकेच्या तीसहून अधिक राज्यांत आणि कॅनडाच्या काही प्रांतांत पोहोचला आहे. बंदिस्त हरणांची ने-आण आणि एका जागी घातलेले खाद्य यांमुळे त्याच्या प्रसाराला हातभार लागतो. प्रौढ नरांत त्याचे प्रमाण माद्यांपेक्षा बरेच अधिक आढळते. म्हणजे मोठ्या शिंगांसाठी तरुण नरांना सोडून देऊन म्हातारे होऊ द्यावे, हे गेली काही दशके शिकाऱ्यांना शिकविले गेलेले धोरण रोगाच्या पथ्यावर पडते. रोग रोखायचा तर नर लवकर मारावेत, शिंगे हवीत तर राखावेत. दोन्ही साधणारा मार्ग अद्याप सापडलेला नाही.

माणसाला हा रोग झाल्याचे अद्याप सिद्ध झालेले नाही. तरीही बाधित हरणाचे मांस खाऊ नये, असा आरोग्य यंत्रणांचा सल्ला आहे. म्हणून बाधित भागातील शिकारी हरणाच्या लसीका ग्रंथी तपासणीला देतात आणि अहवाल येईपर्यंत मांस गोठवून ठेवतात. अनेक राज्यांनी बाहेरून अखंड हरीण आणण्यास मनाई केली आहे. हाडे काढलेले मांस चालते आणि शिंगेही चालतात, मात्र कवटीच्या तुकड्याला मेंदूचा अंशही चिकटलेला असता कामा नये.