साखरपाण्याच्या बाटलीची कुळकथा

लाल प्लास्टिकची फुलं लावलेली, साखरपाणी भरून टांगायची बाटली हल्ली ऑनलाइन मागवली की तिरोड्यातही घरपोच येते. खोक्यावर चित्र हमिंगबर्डचं. हा पक्षी आज अमेरिका खंडांबाहेर कुठेच नाही. आपल्या जास्वंदीवर भिरभिरतो तो जांभळा शिंजीर, अगदी वेगळ्या कुळातला. तेव्हा ही बाटली मुळात कुणासाठी घडली, हे टांगण्याआधी जाणून घेतलेलं बरं.

१९०० सालची गोष्ट. अमेरिकेतल्या ब्रुकलाइन गावच्या कॅरोलिन सोल यांनी जाड कागदाचं कर्ण्यासारखं फूल केलं, रंगवलं, आत छोटी बाटली बसवून साखरपाणी भरलं आणि ते वेलीवर बांधलं. हमिंगबर्ड आला, प्यायला. त्यांनी हे 'बर्ड-लोअर' नियतकालिकात लिहिलं. पुढे १९२८ मध्ये 'नॅशनल जिऑग्राफिक'मध्ये मार्गारेट बोडाइन यांचा लेख आला. तो वाचून एका बाईंना असं पात्र हवंसं वाटलं, म्हणून त्यांचे पती लॉरेन्स वेबस्टर यांनी काचेचं पात्र घडवून घेतलं. त्यावर येणाऱ्या पक्ष्यांचे हॅरल्ड एजर्टन यांनी टिपलेले फोटो १९४७ मध्ये त्याच मासिकात छापून आले आणि १९५० मध्ये ते पात्र बाजारात विकायला आलं.

हमिंगबर्ड हवेत एका जागी थांबून पितो. शिंजीर क्षणभर तसा फडफडतो खरा, पण त्याला फांदी धरून प्यायची सवय. म्हणून बाटली टांगायचीच तर बसायला दांडी असलेली घ्यावी. एक वाटी साखर, चार वाट्या पाणी. गूळ नको, मध नको, रंग तर मुळीच नको. उन्हाळ्यात हे पाणी लवकर आंबतं, ते रोज बदलून बाटली धुवावी लागते. एवढं निभणार नसेल तर बाटली न टांगलेलीच बरी.

आणि खरं सांगायचं तर तिरोड्यात तिची निकड नाही. फेब्रुवारी-मार्चात इथून नागझिऱ्याकडे निघालं की धानाच्या बांध्यांवर पळस फुललेला असतो. एखाद्या झाडाखाली थांबून बघावं. काळा-निळा चमकता नर देठावर बसतो, बाकदार चोच फुलात खुपसतो, अंग पुढे रेटतो. बाहेर येतो तो पिसांना परागकण लागलेले. तेच घेऊन तो दुसऱ्या पळसावर जातो. पळसाला शेंगा धरतात त्यात या जेमतेम दहा सेंटिमीटरच्या पक्ष्याचा मोठा वाटा आहे, हे अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. आंब्यावरचं बांडगूळ आपण शत्रू समजून छाटतो. त्याची नळीसारखी फुलंही शिंजिराचं हक्काचं अन्न. सगळं बांडगूळ ठेवा असं मी म्हणणार नाही, आंबा वाळेल. पण एखादी फांदी राहू द्यायला काय हरकत आहे?

अंगणात लावायला हमेलिया, रसेलिया, कर्दळ चालतात. तिन्ही मूळच्या अमेरिकेच्या, हमिंगबर्डच्या मुलखातल्या. बाटलीपेक्षा त्याच इथे जास्त रुळल्या, आणि शिंजिरानंही त्यांना आपलं मानलं.

मात्र नुसत्या गोडावर पिल्लं वाढत नाहीत. मादी त्यांना किडे आणि कोळी भरवते, म्हणून फुलझाडांवर औषध फवारू नये. घरटंही कोळ्याच्या जाळ्यानं सांधलेलं, लोंबतं. पुष्कळदा ओसरीतल्या कपड्यांच्या तारेलाच. तसं दिसलं की महिनाभर कपड्यांसाठी दुसरी तार बांधावी.