दुष्काळात बांधलेले देऊळ

गावातील देवळाचा जीर्णोद्धार म्हटला की सभा भरते, वर्गणीची यादी होते, कोणी सिमेंटच्या गोण्या देतो, कोणी कळसाचा खर्च उचलतो, आणि ज्याच्यापाशी पैसा नाही तो चार दिवस अंगमेहनत करतो. पीकपाणी बरे असले म्हणजे हे सारे सुरळीत पार पडते. पण महाराष्ट्रात एक जीर्णोद्धार असा झाला की, त्या वेळी गावात दाणा नव्हता, आणि ज्याने तो हाती घेतला त्याच्या घरातून नुकतेच दोन जीव गेले होते. ते गाव देहू, ते देऊळ श्रीविठ्ठलाचे, आणि तो गृहस्थ म्हणजे दिवाळे निघालेला एक वाणी, तुकाराम बोल्होबा.

तुकोबांच्या जन्माचे साल १६०८ असे बहुतेक मानले जाते. घराणे खाऊनपिऊन सुखी. देहूच्या पेठेची महाजनकी, शेती, सावकारी, दुकान असा चांगला बारदाना होता. आठ पिढ्यांपूर्वीचे पूर्वज विश्वंभरबाबा हे पंढरीचे नेमाचे वारकरी. इंद्रायणीकाठी विठ्ठल-रखुमाईची स्थापना त्यांनी केली, अशी परंपरा आहे. म्हणजे जे देऊळ पुढे तुकोबांनी उभे केले ते घरचेच होते, आणि घरचे म्हणूनच कदाचित त्याची आबाळ झाली असावी. सर्वांच्या मालकीच्या वस्तूकडे जसे कोणी पाहत नाही, तसे घरच्या देवाकडेही पुष्कळदा पाहणे राहूनच जाते.

तुकोबा सतरा-अठरा वर्षांचे झाले तोच आईवडील गेले. थोरले बंधू सावजी हे मूळचेच विरक्त. पत्नीच्या मृत्यूनंतर ते तीर्थयात्रेस निघून गेले. धाकटे कान्होबा अजून लहान. सारा भार मधल्या भावावर पडला. तरीही काही काळ त्यांनी तो नेटाने वाहिला. पुढे जे झाले त्याला मात्र माणसाचा इलाज नव्हता.

१६३० च्या सुमारास दख्खनवर आणि गुजरातवर जो दुष्काळ कोसळला, त्याची नोंद केवळ संतचरित्रांत नाही. शाहजहान बादशहाचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने बादशहानाम्यात जे लिहून ठेवले आहे ते वाचवत नाही. भाकरीसाठी माणूस स्वतःला विकायला उभा राही आणि घेणारा कोणी नसे. पिठात हाडांची भुकटी मिसळून विकली जाई. बादशहाचा मुक्काम तेव्हा बुऱ्हाणपुरास होता. तेथे लंगरखाने उघडले गेले आणि वीस आठवडे दर सोमवारी पाच हजार रुपये, म्हणजे एकूण एक लाख रुपये वाटले गेले. देहूपर्यंत त्यातला पैसाही पोहोचण्याचे कारण नव्हते. हा मुलूख निजामशाही आणि आदिलशाही यांच्या ओढाताणीत सापडलेला. याच सुमारास मुरार जगदेवाने पुणे जाळून तेथे गाढवांचा नांगर फिरविला. आभाळ आटलेले आणि खाली फौजांची धामधूम, अशा दुहेरी कात्रीत मावळ सापडला होता. शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला तोही याच काळात, १६३० साली.

या दुष्काळात तुकोबांचे दुकान बसले. गुरे मेली, उधारी बुडाली, बाजारात पत राहिली नाही. थोरली पत्नी रखुमाबाई दमेकरी होती. ती अन्न अन्न करीत गेली. तिचा मुलगा संतू, तोही गेला. हे सारे तुकोबांनी स्वतःच्या अभंगांत सांगून ठेवले आहे, आणि सांगताना शब्द फार थोडे वापरले आहेत. दुःखाच्या जोडीला त्यांनी आणखी एका गोष्टीचा उल्लेख केला आहे, ती म्हणजे लाज. चार लोकांत दिवाळे निघाल्याची लाज. खेड्यात राहणाऱ्यास ती काय असते हे सांगावयास नको.

येथे दुसरा कोणी असता तर देवाला बोल लावून मोकळा झाला असता, किंवा सावजींप्रमाणे वाट फुटेल तिकडे चालू लागला असता. तुकोबांनी मात्र भंगलेले देऊळ पाहिले आणि ते नीट करावे असे त्यांच्या मनाने घेतले. याचे मोठे तत्त्वज्ञान त्यांनी कोठे सांगितलेले नाही. मनात आले म्हणून केले, एवढाच त्याचा भाव. पदरी द्रव्य नव्हते, गवंड्याला द्यायला दाणे नव्हते. चरित्रकार महिपतीबोवांच्या सांगण्याप्रमाणे त्यांनी माती कालविली, भिंती उचलल्या, स्वतःच्या हातांनी. वर्गणीची यादी नाही, देणगीदारांची फरशी नाही. त्या जीर्णोद्धाराची पावती म्हणून पुढची गाथा तेवढी राहिली.

देऊळ उभे राहिल्यावर एकादशीचे कीर्तन सुरू झाले. आरंभी आपले मन त्यात रमत नव्हते हे तुकोबा उघड सांगतात, आणि हे फार महत्त्वाचे आहे. भक्ती एका रात्रीत अंगी आली नाही. पूर्वीच्या संतांची वचने त्यांनी पाठ केली, पुढे उभ्या असलेल्या कीर्तनकारामागे ध्रुपद धरले, पडेल ते काम केले. एकांतासाठी भामचंद्राचा आणि भंडाऱ्याचा डोंगर गाठला. माघ शुद्ध दशमीस बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात मंत्र दिला तो यानंतर.

घरातल्या सावकारीच्या खतपत्रांचे काय झाले ते सर्वश्रुत आहे. लोकांकडून येणे असलेले सारे कागद त्यांनी इंद्रायणीत टाकले, असे सरसकट सांगितले जाते. पण परंपरा सांगते त्यात एक बारकावा आहे. तुकोबांनी आधी वाटणी केली. कान्होबांचे निम्मे कागद त्यांना दिले आणि आपला वाटा तेवढा डोहात सोडला. स्वतःचे सोडण्याचा हक्क आपल्याला आहे, भावाच्या पोटावर पाय देण्याचा नाही, एवढा व्यवहार या विरक्त माणसाने सांभाळला. आणि ज्यांच्या नावावर ती खते होती ती कुळेही त्याच दुष्काळात होरपळलेली होती, हेही विसरता येत नाही.

जिजाईंविषयी, म्हणजे आवलीविषयी, कीर्तनांतून फार हसू करण्यात येते. ती कजाग होती, देवाला शिव्या देत होती, वगैरे. तिची बाजू कोणी मांडत नाही. पुण्याच्या सावकाराची लेक, ती या घरात आली आणि तिने पाहिला तो दुष्काळ. तिने आपल्या पतीवर स्वतःच्या नावे दोनशे रुपये कर्ज काढून व्यापार करवला, अशी कथा आहे. तुकोबांनी मिठाच्या व्यापारात अडीचशे केले आणि वाटेत एका कर्जबाजारी माणसाला देऊन टाकले. अशा नवऱ्याशी संसार करणारी स्त्री रागावली नसती तरच नवल. तीच स्त्री उन्हातान्हातून भाकरी घेऊन डोंगर चढत होती आणि पती जेवल्याशिवाय जेवत नव्हती. निष्ठा म्हणजे काय हे देहूत एकट्या तुकोबांनाच ठाऊक होते असे नव्हे.

वाघोलीचे रामेश्वर भट्ट, वह्यांचे इंद्रायणीत बुडविणे, तेरा दिवसांचे अनुष्ठान हा भाग घरोघर ठाऊक आहे. तेच रामेश्वर भट्ट पुढे शिष्य झाले. १६५० साली, फाल्गुन वद्य द्वितीयेस तुकोबा गेले तेव्हा धाकटा मुलगा नारायण जन्मलासुद्धा नव्हता.

त्या नारायणबाबांनी वडिलांना कधी पाहिले नाही. पण मोठेपणी त्यांनी तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवल्या, आळंदीहून ज्ञानोबांच्या पादुका घेतल्या आणि पंढरीची वाट धरली. साल होते १६८५. औरंगजेब दख्खनेत उतरलेला, विजापूरला मोगलांचा वेढा पडलेला, आणि वारी निघाली ती त्याच मुलखातून. पुढे १८३२ च्या सुमारास हैबतबाबा आरफळकरांनी माउलींचा सोहळा वेगळा सुरू केला. देहूची पालखी आपल्या वाटेने जातच राहिली. २०२० साली करोनाच्या साथीत पायी वारी झाली नाही. तेव्हा तुकोबांच्या पादुका मोजक्या माणसांसह एस. टी.ने आषाढीसाठी पंढरपुरास नेण्यात आल्या.