वेदीवरचं छीट

पणजीत मेनेझेस ब्रागांझा संस्थेत शिरलं की भिंतभर निळ्या-पांढऱ्या टाइल्स दिसतात. जोर्ज कोलासोच्या, 1935 सालच्या. ‘ओस लुझियादस’ या पोर्तुगीज महाकाव्यातले प्रसंग त्यांवर आहेत. बेळगावहून पणजीला गेले की मी त्या पाहायची आणि म्हणायची, ही कला त्यांची, आपल्याकडे नुसती येऊन चिकटली. लिस्बनच्या अझुलेजो संग्रहालयात हे मत बदलावं लागलं.

संग्रहालय आहे एका जुन्या मठात. राणी लिओनोरने तो 1509 मध्ये स्थापन केला. पुढच्याच वर्षी तिच्या भावासाठी, राजा मानुएलसाठी, आल्बुकर्कने गोवा जिंकून घेतला. ‘अझुलेजो’ हा शब्द मूळचा अरबी. अर्थ, गुळगुळीत केलेला लहान दगड. मानुएलने टाइल्स मागवल्या त्या स्पेनमधल्या सेव्हिलहून. निळा-पांढरा रंग पुढे चिनी भांडी आणि डच टाइल्स यांच्या प्रभावाने रुजला. म्हणजे ‘त्यांची’ कलासुद्धा बारा गावचं पाणी प्यालेली!

गर्दी असते ती लिस्बन शहराच्या सुमारे 23 मीटर लांब चित्रापुढे. 1755 च्या भूकंपात जे शहर मोडून पडलं, ते या टाइल्सवर शाबूत आहे. मी मात्र थांबले सतराव्या शतकातल्या एका वेदीच्या दर्शनी भागापुढे. फांद्या, फुलं, पक्षी, आणि कडेला चक्क कापडाची झालर रंगवलेली. अगं बाई, हे तर आपलं छीट! आमच्या घरी पोथीच्या बासनावर अशीच वेल आहे. हिंदुस्थानातलं रंगीत सुती कापड गलबतांतून लिस्बनला जाई. कापड विरतं, तशी नक्षी तिथल्या कारागिरांनी वेदीसाठी कथिलाच्या पांढऱ्या झिलईवर उतरवली.

क्षणभर फार अभिमान वाटला. मग 1540 साल आठवलं, तिसवाडीतली पाडलेली देवळं आठवली. इकडे आपल्या वेदी मोडत होत्या, आणि शतकभराने तिकडे आपली वेल त्यांच्या वेदीवर चढली. वेल काढणाऱ्याचं नाव ना कापडावर राहिलं, ना टाइलवर.

घरी आल्यावर आधी ते बासन काढलं. त्यावरची वेल कुणी काढली, हे आमच्याही घरात कुणाला सांगता आलं नाही.