अष्टकोनी किल्ला, मूठभर माती आणि माणिकरंगी औषध

दक्षिण इटलीतील आपुलिया प्रांतात एका टेकडीवर कास्तेल देल मोन्ते हा अष्टकोनी किल्ला उभा आहे. पवित्र रोमन सम्राट दुसरा फ्रेडरिक याने तो तेराव्या शतकात बांधविला. त्याचे आठही बुरूज अष्टकोनीच! इटलीच्या एक सेंटच्या नाण्यावर त्याचे चित्र आहे. १९५० च्या दशकात मात्र मिलानच्या फार्मितालिया कंपनीच्या संशोधकांना या परिसरातील इतिहासाशी कर्तव्य नव्हते. त्यांना हवी होती केवळ माती.

तो काळच तसा होता. मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस वंशाच्या जिवाणूंनी क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन दिल्यापासून नव्या प्रतिजैविकांसाठी देशोदेशीची माती तपासली जात होती. इथल्या मातीत त्याच वंशाची एक नवी जात सापडली. तिने बनविलेले तांबडे द्रव्य जिवाणूंना तर मारीच, पण उंदरांमधील कर्करोगाच्या गाठींवरही चाले. त्याच सुमारास फ्रेंच संशोधकांनाही हेच द्रव्य स्वतंत्रपणे गवसले.

मग नावाची तडजोड झाली. आपुलियात रोमपूर्व काळी नांदलेल्या ‘दाउनी’ जमातीचे नाव आणि माणकाला असलेला फ्रेंच शब्द ‘रुबी’ जोडून ‘डाउनोरुबिसिन’ तयार झाले. तिथल्याच प्युसेटी जमातीवरून जिवाणूला ‘प्युसेटियस’ म्हटले गेले. या जमाती रोमच्या सत्तेत विरघळल्या, त्यांची भाषाही लोपली; नावे उरली ती औषधाच्या बाटलीवर आणि प्रयोगशाळेच्या नोंदवहीत.

हे द्रव्य पेशीतील डीएनएच्या पायऱ्यांमध्ये शिरून त्याची नक्कल होऊ देत नाही. १९६० च्या दशकात तीव्र रक्तकर्करोगावर त्याचा गुण दिसला. परंतु १९६७ च्या सुमारास भीषण बाब उघड झाली: कर्करोग हटलेल्या काही रुग्णांचे हृदयच निकामी होत होते.

संशोधकांनी जिवाणूत उत्परिवर्तन घडवून नवे द्रव्य मिळविले. रेणूत फरक अवघ्या एका ऑक्सिजन अणूचा, पण परिणाम स्तनाच्या कर्करोगासारख्या घन गाठींपर्यंत पोहोचणारा. जवळच्या एड्रियाटिक समुद्रावरून त्याला ‘एड्रियामायसिन’ म्हटले गेले. तेच आजचे डॉक्सोरुबिसिन. हृदयाचा धोका मात्र त्यातही टळला नाही. म्हणूनच आजही प्रत्येक रुग्णाला आयुष्यभरात दिलेल्या एकूण मात्रेचा हिशेब ठेवला जातो, आणि मर्यादा जवळ आली की गाठ शिल्लक असली तरी डॉक्टरांना हात आखडता घ्यावा लागतो.