मेहेरबानी आणि हक्क

संगणकावर काम करणाऱ्या अभियंत्याला कामगार संघटनेचा उपयोग काय, असा प्रश्न हल्ली विचारला जातो. त्याच्या उत्तरासाठी आम्हां नागपूरकरांना फार दूर जावयास नको. महालापासून जवळच, जुम्मा तलावाकाठी, १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. त्या काळी अगदी नवी असलेली रिंग पद्धतीची सूतकताई तिने लवकरच स्वीकारली. ती यंत्रे चालविणारा कामगार हा त्या युगाचा तंत्रज्ञच होय. मालकही उदार होते. १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी आणि १८९५ साली अपघाताची भरपाई, या गोष्टी तेथे कायद्याची वाट न पाहता आल्या.

पण सगळेच मालक टाटा नसतात. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यांना एकत्र आणल्यावर, १८९० साली. पुढच्याच वर्षीच्या कायद्याने साप्ताहिक सुटी हा कारखान्यातील कामगारांचा हक्क ठरला.

संघटना म्हणजे कल्पवृक्ष नव्हे, हेही आपण विसरू नये. १९८२ च्या मुंबईतील संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यांतील कित्येकांची नोकरीच गेली. शक्ती केव्हा वापरावी, हा विवेक हवाच.

आज मिहानमधल्या अभियंत्याला पगार बरा आहे, कचेरी थंडगार आहे. पण एका पत्राने नोकरी सुटली, तर एकट्याने विचारलेला जाब ऐकणार कोण? एम्प्रेस मिलही १९८६ साली टाटांकडून सरकारी महामंडळाकडे गेली आणि २००२ साली बंद पडली. मालक बदलला की मेहेरबानीचा भरवसा राहत नाही. म्हणून हक्क लेखी हवा, आणि तो मागण्यास चारचौघे एकत्र हवेत.